लेबल कोण वाचतं?

पत्र :

"ताई, माझं वय ३४. नाशिकमध्येच उपयोजित कलेची पदवी घेतली, मग सीईईडी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमडेस, म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी, केली. चार वर्षं सातपूरला पॅकेजिंगच्या एका स्टुडिओत काढली. आता सहा वर्षं खासगी डिझाइन कॉलेजात शिकवतेय, तेही दर जूनमध्ये नव्या ऑर्डरवर. प्राचार्य म्हणतात, 'पीएचडी करा, मग बघू.' नवरा अंबडला कंपनीत, मुलगी तिसरीत. सासूबाई म्हणतात, 'आता आणखी काय शिकायचं राहिलंय?' खरं सांगू, डिझाइनमध्ये पीएचडी म्हणजे नेमकं काय करायचं हेच मला कळत नाही. वस्तू करायची की ग्रंथ लिहायचा? माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, म्हणून 'द्राक्षावरच्या कीटकनाशकांच्या लेबलांचं डिझाइन' असा विषय डोक्यात आहे. करू का?

ता. क. गेल्या हंगामात मामांच्या बागेत औषध कालवणाऱ्या माणसाला मी विचारलं, 'दादा, या बाटलीवर काय लिहिलंय?' तो म्हणाला, 'ते मालकाला माहीत. मला झाकण माहीत.' ते काही डोक्यातून जात नाही."

दिंडोरीची माहेरवाशीण, कॉलेज रोड, नाशिक

प्रिय माहेरवाशिणी,

तुझं मूळ पत्र चार पानी आहे, वर छापलाय तो त्याचा अर्क. त्यातली साडेतीन पानं प्राचार्य, ऑर्डर, पगार आणि बढती यांची. ती वाचता वाचता मी उत्तर ठरवून टाकलं होतं : नको करूस. मग ताजा कलम वाचला आणि ते उत्तर खोडलं. त्यामुळे आता हे जरा लांबणार.

बढतीचं आधी उरकून टाकू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कक्षेतल्या संस्थांमध्ये सहायक प्राध्यापक व्हायला १ जुलै २०२३ पासून पीएचडी बंधनकारक राहिलेली नाही, नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. (नेटच्या यादीत 'डिझाइन' असा वेगळा विषय नाही. आपली मंडळी 'दृश्यकला' घेऊन बसतात आणि शिल्पकलेचा इतिहास पाठ करतात. असो.) सहयोगी प्राध्यापक आणि त्यावरच्या पदांना पीएचडी लागते, हे खरं. पण तुझे प्राचार्य 'मग बघू' म्हणालेत. हे 'मग बघू' मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की त्याची किंमत मला पाठ आहे. त्यांचा शब्द किती खरा ते तपासायची एक सोपी रीत सांगते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करायची तर संस्थेचं नाहरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : अर्धवेळ शिकायला आमची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी, गरज पडली तर बाईंना मोकळं करू. ते पत्र मागून बघ. पंधरा दिवसांत मिळालं तर त्यांच्या बोलण्यात दम आहे. 'आधी अॅडमिशन तर घ्या' असं उत्तर आलं तर काय ते तूच समज.

नुसत्या बढतीसाठी या रस्त्याला लागलेल्या चार-पाच जणी मी जवळून पाहिल्यात. तिसऱ्या वर्षी प्रबंध त्यांच्या कपाटावरच्या सुटकेसमध्ये गेला आणि तिथंच राहिला. त्या कमी हुशार होत्या असं मुळीच नाही. पण पगारवाढीची वाट बघणं आणि एका प्रश्नाच्या मागे लागणं यांत जीव वेगवेगळ्या तऱ्हेनं लागतो.

आता तुझा खरा प्रश्न. वस्तू करायची की ग्रंथ लिहायचा?

मी पीएचडीला बसले तेव्हा ४१ वर्षांची होते, आणि मलाही हेच कळत नव्हतं. माझा विषय होता एसटीच्या पाट्या. नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, गर्दीच्या वेळी उभं राहून बघ, म्हणजे हा विषय का सुचला ते कळेल. गाडी फलाटाला लागते, धूळ उडते, आणि माणसं मान वाकडी करून काचेवरची पाटी वाचायला धावतात. मी डिझायनर. मला वाटलं, पाट्या वाईट आहेत, चांगल्या करू. दीड वर्षात चाळीस पाट्या केल्या. अक्षरांची जाडी, काने-मात्रांमधली मोकळी जागा, लांबून वाचता येईल असा आकार, सगळं मोजून-मापून. पहिल्या आढाव्याच्या दिवशी त्या भिंतीवर लावल्या आणि सांगायला नको, स्वतःवर खूश होते. बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी चाळीसच्या चाळीस पाट्या चष्मा वर-खाली करत बघितल्या आणि म्हणाले, "बाई, सुरेख झाल्यात. एसटीला देऊन टाका. पण यातून मला काय कळलं?"

आठ दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कागद-पेन्सिल घरी ठेवून स्टँडवर जायला लागले. महिनाभर नुसती बाकावर बसून राहिले. तेव्हा दिसलं की निम्म्या बायका पाटी वाचतच नाहीत. त्या आपल्या गावचं ओळखीचं तोंड शोधतात, ते चढलं की मागोमाग चढतात. वाचणारे लोकही गावाचं नाव शोधत नव्हते, ते त्यांना फलाटावरूनच माहीत होतं. त्यांचे डोळे जात होते 'मार्गे'च्या पुढच्या शब्दावर. गाडी आपल्या फाट्यावरून जाणार की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तोच शब्द जुन्या पाट्यांत सगळ्यात बारीक होता, माझ्या चाळीस सुरेख पाट्यांतसुद्धा!

प्रबंध उभा राहिला तो त्या बाकावर. पाट्या मी नंतरही केल्या, पण सहाच, आणि प्रत्येक पाटी एकेक शंका तपासायला केलेली. डिझाइनच्या पीएचडीत वस्तू करता येते, बऱ्याचदा करावीच लागते. परीक्षक मात्र विचारणार, की या वस्तूच्या निमित्तानं असं काय हाती लागलं जे सोलापुरातल्या नाहीतर केनियातल्या डिझायनरला त्याच्या कामात वापरता येईल? एवढं सांगता आलं की ग्रंथ लिहिणं हे बैठकीचं काम उरतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली एका निबंधात कला आणि डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार मांडले. मुलाखतीत ते हमखास निघतात, म्हणून आपल्या तांबट आळीतली घागर घेऊन सांगते. घागरीचा आकार कसा बदलत गेला, का बदलला, हे शोधणं म्हणजे डिझाइनविषयीचं संशोधन. स्वतः घागरी घडवून, वापरायला देऊन, प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवून काहीतरी जाणून घेणं म्हणजे डिझाइनमधून संशोधन. आणि तिसरं डिझाइनसाठी, ज्यात सगळा विचार शेवटी त्या घागरीतच मुरलेला असतो, तिच्याबाहेर शब्दांत सांगता येत नाही. हा तिसरा प्रकार काटेरी आहे, असं त्यांनीच म्हटलंय. तुझी सातपूरची चार वर्षं बहुतेक याच तिसऱ्या प्रकारात गेली असणार. काम उत्तम, पण ते कसं जमलं असं कुणी विचारलं तर तू कार्टनकडे बोट दाखवशील. आता बोट दाखवून भागायचं नाही.

लेबलाकडे वळू. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या पत्रातला खरा ऐवज इथंच आहे.

कीटकनाशक कायदा १९६८चा, त्याखालचे नियम १९७१चे. त्या नियमांनुसार प्रत्येक बाटलीवर शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन असतो. खालच्या अर्ध्यात रंग, वरच्या अर्ध्यात इशारा. लाल सर्वांत जहाल, त्याच्यावर कवटी आणि हाडं. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. आपल्यासारख्यांचे हात हे बघताच शिवशिवतात. पिवळा जास्त वाईट की निळा, हे न शिकवता कुणाला कळेल? चौकातल्या सिग्नलला निळा दिवा नसतो. हिरवा म्हणजे 'जा, काही होत नाही' असं सगळं जग शिकलेलं, आणि इथं हिरवा शंकरपाळाही विषाच्याच बाटलीवर आहे. शिवाय माहितीपत्रकाची ती घडी, सतरा वेळा दुमडलेली, मुंगीच्या अक्षरांत. तू बसलीस तर तीन महिन्यांत याहून बरं लेबल करशील. एखादं पारितोषिकही मिळेल. माझ्या चाळीस पाट्यांसारखं.

पण तुझ्या त्या दादानं तुला फुकटात सांगून टाकलंय की लेबल त्याच्यापर्यंत येतच नाही.

बाटलीपासून फवाऱ्यापर्यंत सूचना कशी जाते ते बघ. कंपनीनं छापलं. कृषी सेवा केंद्रवाल्यानं ते वाचलं, किंवा कंपनीच्या माणसानं त्याला तोंडी सांगितलं. द्राक्षबागायतदाराचा बहुधा एक सल्लागार असतो, तो बाग बघून व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवतो. मामा त्या वाचतात, दुकानातून माल आणतात आणि बागेत येऊन म्हणतात, "निळ्या बाटलीतली दोन झाकणं, दोनशे लिटरला." एवढंच कालवणाऱ्यापर्यंत पोचतं : बाटलीचा रंग, झाकण, आकडा. हातमोजे, वारा कुठून वाहतोय, फवारल्यावर बागेत कधी शिरायचं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे सगळं वाटेत कुठंतरी गळतं. कुठं गळतं? कोण गाळतं? मुद्दाम, विसरून, की त्याला ते सांगण्यासारखंच वाटत नाही म्हणून? मला हे माहीत नाही. तुलाही नाही. झालं की मग संशोधन सुरू!

आणि आपली भाषा बघ. साऱ्या तालुक्यात एकजण त्याला विष म्हणत नाही. 'औषध आणलं', 'औषध मारलं', 'डावणीला (द्राक्षावरच्या त्या बुरशीला) कोणतं औषध चाललंय?' बाटलीवरची कवटी एक सांगते आणि माणसाच्या तोंडातला शब्द दुसरं, दिवसातून वीस वेळा. औषधाला कोण घाबरणार? हा झगडा इंग्रजी शोधनिबंध वाचून सापडणारा नाही. तो दिंडोरीत वाढलेल्या मुलीलाच ऐकू येतो. तू पत्रात स्वतःही 'औषध कालवणारा' असंच लिहिलंयस. लक्षात आलं का?

त्यात भर म्हणजे कालवणारे, विरळणी करणारे, डिपिंग करणारे, म्हणजे घड संजीवकात बुडवणारे, बरेच हात पेठ-सुरगाण्याकडून येतात. त्यातल्या अनेकांच्या घरात कोकणा बोलतात. पुस्तकी मराठीत छापलेली 'काढणीपूर्व कालावधी'सारखी अक्षरं मलाही दोनदा वाचावी लागतात.

हे निव्वळ हळवेपणानं बोलत नाही. २०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षं सीसीसी या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे अडकली होती, ते माहेरी कुणालाही विचार, अजून हिशेब सांगतील. किती, कधी आणि किती दिवस आधी, ही माहिती बागेत कशी पोचते याच्यावर मजुराचं फुप्फुस आणि मालकाचं कर्ज, दोन्ही टांगलेलं आहे.

म्हणजे 'कीटकनाशकांच्या लेबलांचं डिझाइन' हा तुझा विषय आहे, प्रश्न अजून व्हायचाय. प्रश्न मी तुझ्या हातात ठेवणार नाही, दुसऱ्यानं दिलेला प्रश्न पाच वर्षं टिकत नाही. पण वास कुठून येतोय ते सांगते. तो म्हणाला, 'मला झाकण माहीत.' झाकण त्याचं माप आहे, आणि बहुतेक त्याचं लेबलही तेच आहे. पाच माणसांच्या तोंडून फिरलेल्या सूचनेतून शेवटी जी एकच वस्तू त्याच्या हातात उरते ती झाकण. सूचना छापील कागदावरून तोंडी होते, तोंडातून हातात जाते, तेव्हा तिच्यातलं काय टिकतं? टिकावं म्हणून वस्तूतच काय रुजवता येईल? हे कळलं तर ते द्राक्षापुरतं राहणार नाही. घरोघरी दिल्या जाणाऱ्या गोळ्या, जंतुनाशकं, गॅसची शेगडी, जिथं विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, तिथं ते लागू पडेल. परीक्षकाच्या 'मला काय कळलं?'ला तेव्हा तुझ्याकडे उत्तर असेल.

आता गाइड. जागा, नाव, शिष्यवृत्ती या सगळ्याच्या वर मी गाइडला ठेवते, आणि तेही हात पोळल्यावर. माझे पहिले गाइड वर्षभरात संस्था सोडून गेले. संस्थेचं नाव घेत नाही. मला कुणी पत्र पाठवलं नाही, फोन केला नाही. एके दिवशी गेले तर त्यांच्या खोलीच्या दारावरची पाटी बदललेली. पाट्यांवर संशोधन करणारीला पाटीनंच सांगितलं, बरोबरच झालं म्हणायचं! दुसरे गाइड मिळेपर्यंत चौदा महिने गेले. म्हणून सांगते, विचारायला लाजू नकोस. तुमच्याकडे आत्ता किती विद्यार्थी आहेत? यूजीसीच्या नियमात प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार अशी मर्यादा आहे. निवृत्तीला किती वर्षं उरली? तीनपेक्षा कमी असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. आणि त्यांच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना चहाला ने. गाइड प्रकरण वाचून किती दिवसांत परत देतात, एवढंच विचार. बाकी सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.

कुठं करायचं? तुझ्यासाठी पहिलं नाव पवईचं आयडीसी. आयआयटी मुंबईतली ही डिझाइनची संस्था १९६९ची, देवनागरी अक्षरांपासून शेतीच्या अवजारांपर्यंत आपल्याकडच्या विषयांना तिथं परकं मानत नाहीत. सकाळच्या पंचवटीनं ठाणे, तिथून लोकलनं कांजूरमार्ग, की पवई आलीच. रोज नाही जमणार, पण महिन्यातून चार वेळा जमतं, मी केलंय. अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१चं, तिथंही आता पीएचडी होते. गुवाहाटी आयआयटीचा डिझाइन विभाग आणि बंगळुरूच्या आयआयएससीतला डिझाइन आणि उत्पादनाचा विभाग, हे दोन्ही संशोधनाच्या बाबतीत कसदार. डिझाइन संशोधनाची 'आयकॉर्ड' ही परिषद बंगळुरूकरांनीच २००६ साली सुरू केली. पण तिसरीतली मुलगी आणि दिंडोरीतली बाग सोडून तू गुवाहाटीला कशाला जाशील? तुझी प्रयोगशाळा निफाड-दिंडोरीत आहे, त्यामुळे नाशिकला राहणं हा तुझा फायदा आहे, अडचण नव्हे. पात्रता आणि प्रवेशाची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे, आयआयटींचे नियम तर त्यांचे त्यांचे. जाहिरात आली की बारीक अक्षरांसकट वाच. लेबलवाली आहेस.

पूर्णवेळ की अर्धवेळ, हा हिशेब घरी बसून करायचा आहे. २०२३ पासून पूर्णवेळ कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये असा अधिछात्रवृत्तीचा दर आहे, घरभाडं वेगळं. तुझ्या कंत्राटी पगाराचा आकडा तू लिहिला आहेस, मी छापला नाही, पण दोन्ही आकडे शेजारी मांडून बघ. मला तरी हसू आलं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत, तुझ्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते बघ. अर्धवेळ केलंस तर नोकरी राहील, पण अधिछात्रवृत्ती विसर. माझं मत विचारशील तर दर जूनमध्ये हातात नवी ऑर्डर ठेवणाऱ्या नोकरीसाठी मी अर्धवेळचा हट्ट धरला नसता. पण तुमच्या घराचे हप्ते मला माहीत नाहीत, नवऱ्याला माहीत आहेत. हा आकड्यांचा कागद घेऊन आधी त्यांच्याशी बस. 'मला शिकायचंय' असं म्हणून सुरुवात केलीस तर गाडी भलतीकडे जाईल.

वेळेचं सांगते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. फेरनोंदणी करून दोन वर्षं वाढतात, आणि बायकांना त्यावर आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. हे वाचून 'चला, भरपूर वेळ आहे' असं मात्र मनात आणू नकोस. मला सहा वर्षं लागली, त्यातले चौदा महिने कुठं गेले ते वर सांगितलंच.

सासूबाईंचं काय? त्यांचा प्रश्न मला आवडला. 'आता आणखी काय शिकायचं राहिलंय?' हे त्या टोमणा म्हणून म्हणाल्या असतील, पण प्रवेशाच्या मुलाखतीत अगदी हेच विचारतात, इंग्रजीत आणि टाय लावून. रात्री भांडी आवरताना त्यांना तो झाकणाचा किस्सा सांग. त्यांना तो कळला आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तर समज तुझा प्रस्ताव निम्मा लिहून झाला.

दोन सापळे, झटपट. पहिला, 'घरबसल्या ऑनलाइन पीएचडी'. दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन मिळवलेली पीएचडी यूजीसी मानत नाही. परदेशी विद्यापीठाचं नाव लावून एखादी शिकवणी कंपनी देत असेल तरीही नाही. दुसरा, 'प्रबंध लिहून मिळेल'. असल्या जाहिराती तुलाही येत असतीलच. उचलेगिरी तपासायला आता सॉफ्टवेअर आहे आणि २०१८चे नियम आहेत, पण मी त्या भीतीनं सांगत नाही. त्या दादाचं वाक्य तुला झोपू देत नाही, आणि त्याच्यावरची पाच प्रकरणं पुण्यातल्या कुठल्या तरी खोलीत बसलेला अनोळखी पोरगा लिहिणार? छे.

प्रस्ताव लिहायच्या आधी शोधगंगावर जा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. डिझाइनमधले पाच उघड. पहिलं प्रकरण सोडून दे, ते सगळ्यांचं सारखंच असतं. पद्धतीचं प्रकरण आणि शेवटी 'या अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून जी दीड पानं असतात, तेवढीच वाच. माणूस तिथं खरं बोलतो. पाचांपैकी दोन तुला वाईट वाटतील. त्यानं धीर येतो, हा माझा अनुभव.

आणि परवानगीचं विसरू नकोस. संस्थेच्या नीतिसमितीपुढे तुला जावंच लागेल, पण त्याआधी मामांच्या शेतावर एक अडचण आहे. तू मालकाची भाची आहेस. तू वही घेऊन उभी राहिलीस की मजूर तेच सांगतील जे मालकाला बरं वाटेल. त्या दादानं तुला खरं सांगितलं, कारण तेव्हा तू संशोधक नव्हतीस. म्हणून दुसऱ्या गावातल्या, ओळख नसलेल्या एक-दोन बागा शोधून ठेव. फवारणी चालू असताना स्वतः मास्क लावल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नकोस, आणि त्या माणसासाठीही एक ने.

शेवटचं, वेळापत्रकाचं. विद्यापीठाचं वर्ष आणि द्राक्षाचं वर्ष एकमेकांशी पटवून घेत नाहीत. गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास, त्यानंतरचे दोन-अडीच महिने औषधांचे, म्हणजे बघ, मीही औषधच लिहिलं. ऐन डावणीच्या दिवसांत तुझी कोर्सवर्कची परीक्षा येणार हे धरून चाल, आणि एक हंगाम हुकला की थेट पुढच्या वर्षी. प्रवेश मिळो न मिळो, यंदाचा हंगाम वाया घालवू नकोस. शनिवार-रविवार माहेरी जातेसच. पहिले चार आठवडे स्केचबुक नको, लेबलाचा विषयही काढू नकोस. बॅरलपाशी बस, कोण कुणाला काय सांगतंय ते त्यांच्याच शब्दांत उतरव. आणि मामांना आधीच सांगून ठेव, की बोलायचंय ते कालवणाऱ्या दादाशी, तुमच्याशी नंतर. जमलं तर त्या बाटलीचं रिकामं झाकण स्वच्छ धुऊन, पिशवीत बांधून मला पाठव. त्यात खरोखर किती मिली मावतं ते मला बघायचंय.

तुझी,
ताई